अनवट ओपनिंगला काळ्याचे उत्तर: लीचेसच्या ओपनिंग एक्सप्लोररचे परीक्षण

बुद्धिबळात काळी मोहरी घेऊन बसणाऱ्या खेळाडूची बहुतेक तयारी राजापुढचे प्यादे आणि वजिरापुढचे प्यादे या दोन चालींभोवती फिरत असते. ई४ ला (स्तंभाचे अक्षर आणि रांगेचा आकडा मिळून घराचे नाव होते; ई४ म्हणजे राजापुढचे प्यादे त्या घरात) काय खेळायचे आणि डी४ ला काय खेळायचे हे ठरलेले असते, सी४ किंवा घोडा एफ३ आला तरी हात फारसा अडखळत नाही. मात्र समोरच्याने पहिल्याच चालीत जी४ किंवा बी४ खेळले, की पाठ केलेली सगळी तयारी त्याच क्षणी निरुपयोगी होते. अशा अनवट ओपनिंगशी, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींशी, गाठ क्वचितच पडत असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा कोर्स विकत घेणे बहुतेकांना जिवावर येते. म्हणून या परीक्षणासाठी मी लीचेस या मोफत संकेतस्थळावरचा ओपनिंग एक्सप्लोरर, त्याला जोडलेले इंजिन (स्थिती मोजून चाल सुचवणारा संगणकीय कार्यक्रम) आणि ‘स्टडी’ ही वही, एवढ्याच गोष्टी निवडल्या आहेत. केवळ या तिघांच्या बळावर काळ्याला आपले उत्तर तयार करता येते का, हे पाहायचे आहे. माझे मत आधीच सांगतो. तयारी नक्की होते, आणि चांगली होते. पण एक्सप्लोररमध्ये सर्वांत आधी नजरेत भरणारी विजयाची टक्केवारी हीच अनवट ओपनिंगच्या बाबतीत सर्वांत कमी भरवशाची गोष्ट आहे, आणि ती बाजूला ठेवता आली तरच हे साधन खऱ्या अर्थाने कामाला येते.

लीचेस हे संकेतस्थळ २०१० मध्ये तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने सुरू केले. ते देणग्यांवर चालते, त्यावर जाहिराती नसतात आणि पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेली अशी कोणतीही सोय तिथे नाही. विश्लेषणाच्या पटाखालच्या पुस्तकाच्या चिन्हावर टिचकी मारली की पटाशेजारी एक तक्ता उघडतो. समोर असलेल्या स्थितीत आजवर कोणकोणत्या चाली खेळल्या गेल्या, प्रत्येक चाल किती डावांत आली, आणि त्या डावांत पांढरा किती जिंकला, बरोबरी किती झाली, काळा किती जिंकला, हे त्यात एका ओळीत तीन रंगांच्या पट्टीने दाखवलेले असते. तक्त्याला तीन टॅब आहेत. एक मास्टर खेळाडूंच्या प्रत्यक्ष पटावरच्या डावांचा, दुसरा लीचेसवर खेळल्या गेलेल्या अब्जावधी डावांचा, आणि तिसरा एखाद्या विशिष्ट खेळाडूच्या डावांचा. शोध चालींच्या क्रमाने नव्हे तर पटावरच्या स्थितीने होतो, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे, कारण अनवट ओपनिंगमध्ये वाट निराळी असली तरी मुक्काम पुष्कळदा ओळखीचाच निघतो.

मास्टर टॅबमध्ये २२०० किंवा त्याहून अधिक फिडे (जागतिक बुद्धिबळ महासंघ) मानांकन असलेल्या खेळाडूंचे १९५२ पासूनचे डाव आहेत. नेहमीच्या ओपनिंगसाठी हा खजिना आहे, आपल्या विषयासाठी मात्र तो बराचसा रिकामा आहे. प्रचलित वर्गीकरणात ‘ए००’ या एकाच संकेताखाली जी४, बी४, ए३, घोडा सी३, घोडा एच३ अशा सगळ्या विचित्र पहिल्या चाली कोंबलेल्या आहेत, यावरूनच बुजुर्गांनी त्यांना किती जागा दिली ते कळते. शिवाय या ओपनिंगची रंजक वंशावळ १९५२ च्या आधीची आहे. अँडरसनने १८५८ च्या सामन्यात मॉर्फीविरुद्ध पहिल्या चालीत ए३ खेळून पाहिले होते. टार्टाकोव्हरने १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेत मारोत्सीविरुद्ध बी४ खेळले, आणि आदल्या दिवशी प्राणिसंग्रहालयात भेटलेल्या सुसान नावाच्या ओरांगउटानने आपल्याला ही चाल सुचवली असे तो सांगत असे. त्यावरूनच या ओपनिंगला ओरांगउटान हे नाव मिळाले. टार्टाकोव्हरची सुरुवात बरी झाली होती, डाव मात्र मारोत्सीने जिंकला. हे डाव या टॅबच्या कालमर्यादेबाहेरचे असल्यामुळे ते अन्यत्र शोधावे लागतात.

तरीही मास्टर टॅब अगदीच वाया जात नाही. पहिली चाल बी३ घाला, काळ्याकडून ई५ खेळा, आणि लार्सनविरुद्ध स्पास्की हा १९७० चा बेलग्रेडचा डाव शोधून काढा. सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग या सामन्यातला तो डाव स्पास्कीने काळ्या मोहऱ्यांनी अवघ्या १७ चालींत जिंकला. लार्सनने उंट बी२ वर आणला, सी४ खेळले आणि मग घोडा एफ३ वर काढून ई५ च्या प्याद्याला बोलावणे धाडले. ते प्यादे ई४ वर आले आणि घोड्याला डी४ वर जावे लागले. घोड्यांची सी६ वर अदलाबदल झाल्यावर काळ्याने डी प्याद्याने घेऊन सी८ च्या उंटाची वाट खुली केली, नवव्या चालीत वजिराच्या बाजूला कॅसलिंग (राजा आणि हत्तीची एकत्र चाल) केले, घोडा जी४ वर आणला आणि एच प्यादे पुढे ढकलले. चौदाव्या चालीत हत्ती एच१ वर देऊन टाकला आणि जी प्यादे थेट पहिल्या रांगेपर्यंत धावले. काळ्याने अनवट ओपनिंगला कसे उत्तर द्यावे याचा याहून स्वच्छ धडा मला माहीत नाही: मध्य ताब्यात घेणे, मोहरी पटापट बाहेर काढणे, आणि समोरच्याने कडेला घालवलेल्या वेळाची पुरेपूर किंमत वसूल करणे. लार्सन त्या काळच्या सर्वांत बलाढ्य खेळाडूंपैकी होता, हे लक्षात घेतले म्हणजे या धड्याचे वजन कळते.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे लीचेसच्या स्वतःच्या डावांच्या टॅबकडे आणि त्यातल्या टक्केवारीकडे येतो. इथे जी४ सारख्या चालीचेही डाव भरपूर सापडतात, आणि पांढऱ्याच्या विजयाची पट्टी पाहून नवखा खेळाडू चक्रावून जाऊ शकतो. इंजिन म्हणते की ही चाल जवळजवळ एक प्यादे गमावण्याइतकी वाईट आहे, मग पांढरा इतके डाव जिंकतो कसा? उत्तर सरळ आहे. जी४ खेळणाऱ्याने ती चाल शेकडो वेळा खेळलेली असते आणि काळा तिला पहिल्यांदाच सामोरा जात असतो. दुसरे असे, की येथे मानांकनाची चाळणी दोन्ही खेळाडूंच्या सरासरीवर चालते, त्यामुळे बलवान खेळाडूने गंमत म्हणून दुबळ्याविरुद्ध खेळलेली विचित्र चाल आणि तुल्यबळ खेळाडूंमधली तीच चाल एकाच रकान्यात पडतात. तिसरे, एका मिनिटाच्या डावांत घड्याळ जिंकते, स्थिती नव्हे. म्हणजे ही टक्केवारी चालीचा दर्जा सांगत नाही, तर काळ्याची तयारी किती कमी होती हे सांगते. मला तर ती उलट दिलासाच वाटते, कारण ती अडचण तयारीने दूर होणारी आहे.

म्हणून तक्ता उघडल्यावर सर्वांत आधी चाळण्या बदलून घ्याव्यात. बुलेट (एक-दोन मिनिटांचे) आणि त्याहून वेगवान डाव काढून टाकावेत, रॅपिड आणि क्लासिकल हे संथ डाव ठेवावेत, फार तर ब्लिट्झ (काही मिनिटांचे). मानांकनाचे गट आपल्या गटाच्या आसपासचे निवडावेत. लीचेसवरचे मानांकन फिडे मानांकनापेक्षा सहसा जास्त भरते, हे विसरू नये. एवढे केल्यावर या टॅबकडून एकच गोष्ट मागावी: अमुक स्थितीत आपल्या ताकदीचा पांढरा खेळाडू प्रत्यक्षात काय खेळतो? ती माहिती इतकी नेमकी दुसरीकडे मिळत नाही. छापील पुस्तके पांढऱ्याच्या सर्वोत्तम चालीवर पाने खर्च करतात, आणि पटावर मात्र बहुतेक खेळाडू वेगळेच काही खेळतात. पांढऱ्याच्या चाली या तक्त्यातून घ्याव्यात, काळ्याच्या इंजिनकडून घ्याव्यात, आणि त्या चालीमागचे कारण स्वतःच्या शब्दांत लिहावे. ही कामाची वाटणी पाळली तर हे साधन बरोबर चालते.

उदाहरण म्हणून जी४ घेऊ. स्विस मास्टर हेन्री ग्रोब यांनी पत्राद्वारे खेळलेल्या डावांत ही चाल भरपूर वापरली, पुढे इंग्लंडमध्ये मायकेल बासमन यांनी ती जिवंत ठेवली. काळ्याचे उत्तर डी५, आणि त्यातून सी८ वरच्या उंटाची नजर थेट जी४ च्या प्याद्यावर पडते. पांढरा उंट जी२ वर आणतो आणि ते प्यादे चक्क सोडून देतो. इथे दोन वाटा फुटतात. उंटाने प्यादे मारले तर पांढरा सी४ खेळतो, आणि काळ्याने डी प्याद्याने सी४ घेतले की जी२ चा उंट थेट बी७ वर येऊन कोपऱ्यातल्या हत्तीवर झडप घालतो. ग्रोबच्या भक्तांचा सगळा खेळ याच एका कर्णावर उभा आहे. उंटाने प्यादे मारल्यानंतर सी६ खेळून काळा ठीक राहतो, इंजिनलाही प्यादे घेणे मान्य आहे. पण त्यापुढे सी प्याद्यांची अदलाबदल, वजीर बी३ वर, बी७ आणि डी५ वर एकदम दाब, आणि त्यावर बी७ चे प्यादे सोडून घोडे एफ६ व डी७ वर काढायची हिंमत, हे सगळे घड्याळ चालू असताना पटावर शोधावे लागते.

दुसरी वाट म्हणजे दुसऱ्याच चालीत सी६. कर्ण बंद होतो, बी७ सुरक्षित राहते, आणि जी४ चे प्यादे आता खरोखर धोक्यात येते. पांढऱ्याला एच३ खेळून ते सांभाळावे लागते, काळा ई५ खेळून मध्य पूर्ण ताब्यात घेतो, आणि पुढे घोडा ई७ मार्गे जी६ वर नेऊन पांढऱ्याने सोडलेल्या एफ४ आणि एच४ या घरांकडे वळवतो. इंजिनच्या आकड्यात दोन वाटांमध्ये फार अंतर नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र आहे, कारण दुसऱ्या वाटेवर पांढऱ्याला दाखवायला एकही युक्ती उरत नाही. हा फरक एक्सप्लोरर सांगत नाही, इंजिनही सांगत नाही. दोन आकडे सारखे दिसले की कमी धोक्याची वाट निवडायची, हा निर्णय खेळाडूचाच.

बी४ च्या बाबतीत मी याच्या उलट, म्हणजे प्यादे घेण्याचा सल्ला देईन. सोव्हिएत मास्टर अलेक्सेई सोकोल्स्की यांनी या ओपनिंगचा मोठा अभ्यास केला आणि त्यांचे नाव त्याला चिकटले. काळा ई५ खेळतो, पांढरा उंट बी२ वर आणून ई५ वर नेम धरतो. इथे हाताला सहज येणारी चाल म्हणजे घोडा सी६ वर आणून प्यादे राखणे, पण ती चूक आहे, कारण पांढरा बी५ खेळून त्याच घोड्याला हुसकावतो आणि ई५ चे प्यादे उघडे पडते. डी६ ही चाल भक्कम आहे. तिच्यापेक्षा चांगली वाट म्हणजे उंटाने बी४ चे प्यादे मारणे, पांढऱ्याला ई५ चे मारू देणे, आणि मग घोडा एफ६ वर काढणे. हिशेबात प्यादी सारखी राहतात, पांढऱ्याकडे मध्यातले एक प्यादे जास्त उरते, काळ्याची मात्र दोन मोहरी बाहेर आलेली असतात आणि कॅसलिंग एका चालीवर असते. पांढऱ्याने हव्यासाने उंट देऊन एफ६ चा घोडा मारला तर वजिराने परत घ्यावे: तो वजीर थेट ए१ च्या हत्तीवर नेम धरतो, आणि पांढऱ्याला आणखी एक चाल बचावात घालवावी लागते. कॅसलिंग, हत्ती ई८, डी५ आणि सी५ एवढे जमले की पांढऱ्याला त्या जादा मध्य-प्याद्याचा उपयोग सापडेपर्यंत काळ्याचा खेळ मोकळा झालेला असतो.

एक्सप्लोररचा सर्वांत ताजा उपयोग मात्र जुन्या विचित्र ओपनिंगसाठी नाही. तो छोट्या व्हिडिओंमधून पसरलेल्या सापळ्यांसाठी आहे, आणि त्यांत टेनिसन गॅम्बिट अग्रभागी आहे (गॅम्बिट म्हणजे हल्ल्यासाठी सुरुवातीलाच प्यादे किंवा मोहरा देऊ करणे). घोडा एफ३, डी५, ई४, काळ्याने ई४ घेतले, घोडा जी५. काळा सरळपणे घोडा एफ६ वर काढून प्यादे राखतो, पांढरा डी३ खेळतो, काळा तेही घेतो, पांढरा उंटाने परत घेतो. आता जी५ च्या घोड्याला हाकलायला काळ्याने एच६ खेळले की पांढरा घोडा एफ७ वर बळी देतो, राजा तो घेतो, आणि उंट जी६ वर शह देतो. राजाने उंट घेतला की डी स्तंभ उघडा पडल्यामुळे पांढरा वजीर डी८ चा वजीर मारून बसतो. सापळा इतका नेटका आहे की तो पाहणाऱ्याला लगेच खेळून पाहावासा वाटतो, आणि आपल्या गटाची चाळणी लावून एच६ च्या ओळीतले डाव उघडले की त्यात किती जण सापडतात ते दिसते.

इंजिन सुरू केले की तिसऱ्या चालीतले उत्तर लगेच कळते: ई५. ई७ चे प्यादे पुढे गेल्याबरोबर डी८ च्या वजिराची वाट मोकळी होते आणि जी५ चा घोडा माराखाली येतो. पांढऱ्याने ई४ चे प्यादे परत घेतले तर एफ५ खेळून त्या घोड्याला पुन्हा पळवायचे, तो जी३ वर गेला की आपला घोडा एफ६ वर काढायचा. पाच चालींत पांढऱ्याचा एकच घोडा चार वेळा हललेला असतो आणि काळ्याची दोन प्यादी मध्यावर उभी असतात. अशा प्रसंगी इंजिन आणि तक्ता हातात हात घालून चालतात, आणि एका बैठकीत एक सापळा कायमचा निकाली निघतो.

हॅलोवीन गॅम्बिट थोडे वेगळे आहे, कारण तिथे पांढरा चौथ्या चालीत ई५ च्या प्याद्यासाठी उघडउघड घोडा देतो. चार घोड्यांच्या डावातून आलेल्या या हल्ल्यात काळ्याचे खरे संकट म्हणजे मिळालेला घोडा जपून ठेवण्याचा मोह. पांढऱ्याने डी४ खेळल्यावर घोडा सी६ वर परत न्यावा, डी५ आले की त्याला वाऱ्यावर सोडून उंट बी४ वर आणावा, आणि पांढऱ्याने सी६ वरचा घोडा मारला की दुसऱ्या घोड्याने ई४ चे प्यादे घ्यावे. वजीर डी४ वर आला तर आपला वजीर ई७ वर, आणि हल्ला करणारा आता पांढरा नसून काळा असतो. मोहरा परत करून पुढाकार घेणे हे गॅम्बिटविरुद्धचे जुने शहाणपण आहे, आणि इंजिनची पट्टी ते क्षणात पटवून देते.

ब्लॅकमार-डीमर गॅम्बिटबद्दल (डी४ डी५, मग ई४) माझे मत जरा कोरडे आहे. प्यादे घेऊन, घोडा सी३ ला घोडा एफ६, एफ३ वर पुन्हा घेऊन, पांढऱ्याने घोड्याने परत घेतल्यावर सी६ आणि उंट एफ५ अशी मांडणी केली तर काळ्याकडे एक निरोगी प्यादे जास्त राहते. पण जो ई४ ला कारो-कान बचाव खेळतो त्याने दुसऱ्याच चालीत सी६, आणि जो फ्रेंच बचाव खेळतो त्याने ई६ खेळून आपल्या घरी परतावे. पांढऱ्याने हल्ल्याची केलेली सगळी तयारी तिथेच वाया जाते. एक्सप्लोरर स्थितीने शोधतो म्हणून या सुटका लगेच दिसतात: सी६ टाकताच डावाचे नाव बदलते आणि तक्ता अचानक हजारो मास्टर डावांनी भरून जातो. व्हान गीटच्या घोडा सी३ या पहिल्या चालीलाही हेच औषध चालते. सी५ नंतर ई४ आले की ते बंद सिसिलियन हे नेहमीचे ओपनिंग, डी५ नंतर ई४ आल्यावर सी६ किंवा ई६ ने पुन्हा तेच ओळखीचे घर. ज्याला वेगळे काही हवे त्याने डी४ खेळून घोड्याला ई२ वर ढकलावे आणि ई५ ने जागा वाढवावी.

ई४ ई५ नंतर लगेच वजीर एच५, याला विचित्र म्हणावे की उद्धट, हा प्रश्नच आहे. पण नाकामुरासारख्या ग्रँडमास्टरने २००५ मध्ये सिगेमन स्पर्धेत शशिकिरणविरुद्ध ते खेळून दाखवले, आणि डाव हरला. घोडा सी६, उंट सी४ वर जी६, वजीर एफ३ वर घोडा एफ६, एवढे पुरे. मग वजीर बी३ वर गेला तर घोडा डी४ वर उडी घेतो. उंटाने एफ७ वर शह दिला की राजा ई७ वर, आणि वजीर सी४ वर बचावाला आला की बी५ ही चाल त्याला तिथून हुसकावते आणि एफ७ चा उंट अडकतो. बर्डच्या एफ४ ला ई५ चे फ्रॉम गॅम्बिट एक्सप्लोररमध्ये आकर्षक दिसते, कारण बेसावध पांढरा वजीर एच४ च्या शहाने काही चालींत मात होतो. मी तरी डी५, जी६ आणि उंट जी७ ही शांत मांडणी पसंत करेन. ई५ नंतर पांढऱ्याने ई४ खेळून डाव किंग्ज गॅम्बिटमध्ये नेला तर आपली तयारी पुन्हा शून्यावर येते, हे त्याचे कारण. राजा दुसऱ्याच चालीत ई२ वर नेण्याची थट्टा कार्लसन आणि नाकामुरा यांनी २०२१ मध्ये एकमेकांशी करून बरोबरी घेतली. तिला उत्तर म्हणून नेहमीच्या चांगल्या चाली खेळाव्यात, वेगळी तयारी लागत नाही.

हे सगळे टिकवायचे तर स्टडी हवी. एका स्टडीत ६४ प्रकरणे बसतात, म्हणजे प्रत्येक अनवट ओपनिंगला एक प्रकरण देऊनही भरपूर जागा उरते. प्रत्येक चालीखाली टीप लिहिता येते, पटावर बाण काढता येतात, आणि प्रकरण परस्परसंवादी धड्याच्या स्वरूपात ठेवले तर उलटतपासणीही होते: पांढऱ्याची चाल पटावर येते आणि काळ्याची आपल्याला शोधावी लागते. स्टडी खासगीही ठेवता येते. इतरांनी सार्वजनिक केलेल्या स्टडीही विपुल आहेत, पण त्यांचा दर्जा एकसारखा नाही. काहींत इंजिनच्या ओळी एकही शब्द न लिहिता ओतलेल्या असतात, काहींत पांढऱ्याच्या बाजूने लिहिलेली भक्तिगीते असतात. त्या नमुना म्हणून पाहाव्यात, आपली वही मात्र आपणच भरावी. दहा-बारा प्रकरणांत, प्रत्येकी सहा-सात चाली आणि दोन वाक्ये कारण, यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही. जास्त लिहिले की ते पुन्हा वाचलेच जात नाही.

एक्सप्लोररची मोठी उणीव म्हणजे तो बोलत नाही. स्पष्टीकरण नाही, योजना नाही, केवळ चाली आणि संख्या. इंजिनही आकडाच देते. उणे एक (म्हणजे काळा साधारण एका प्याद्याने वरचढ) असा आकडा पाहून काळ्याने निर्धास्त व्हावे अशी स्थिती नसते, कारण तो आकडा पुढच्या डझनभर अचूक चाली गृहीत धरतो. त्यावर उपाय त्याच पटावर आहे. विश्लेषणाच्या पानावर संगणकाशी सराव करण्याची सोय असून ती प्रत्येक चालीनंतर चाल चांगली होती, किरकोळ चूक होती की घोडचूक होती हे सांगते आणि अधिक चांगली चाल दाखवते. जी४ डी५, उंट जी२ सी६ इथपर्यंत आणून तिथून पुढे दहा-पंधरा चाली काळ्याने खेळाव्यात. एक प्यादे अधिक असल्यासारखी स्थिती प्रत्यक्षात कशी वापरायची, हे अशा सरावाने जेवढे कळते तेवढे नुसत्या पट्टीकडे पाहून कळत नाही. स्टॉकफिश या इंजिनशी पूर्ण डावही एखाद्या ठरावीक स्थितीपासून खेळता येतो, आठ पातळ्यांपैकी कोणतीही निवडून.

स्पर्धेची तयारी करणाऱ्यासाठी तिसरा टॅब आहे. पुढच्या फेरीतल्या खेळाडूचे लीचेसवरचे नाव ठाऊक असेल तर ते घालून पांढरी मोहरी निवडावी. तो बी४ किती वेळा खेळतो आणि त्यानंतर सहसा कोणत्या वाटेने जातो, हे समोर येते. अनवट ओपनिंग खेळणाऱ्यांची गंमत अशी, की त्यांचे भांडार बहुधा अरुंद असते आणि तीच तीच रचना पुन्हा पुन्हा दिसते. मुख्य ओपनिंग खेळणाऱ्याविरुद्ध या टॅबचा जेवढा उपयोग होतो त्याहून कितीतरी जास्त यांच्याविरुद्ध होतो.

वापराच्या नियमांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. चालू डावात एक्सप्लोरर उघडणे लीचेसवर फसवणूक ठरते, मात्र पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या, म्हणजे एका चालीला एक किंवा अधिक दिवस मिळणाऱ्या डावांत तो पाहण्याची परवानगी आहे. इंजिनला मात्र तिथेही बंदी आहे. काळ्याच्या तयारीसाठी मला हे डाव सर्वांत योग्य वाटतात. पांढऱ्याने जी४ खेळले की तक्ता उघडता येतो, त्याच्या नेहमीच्या चाली पाहता येतात, आणि आपली चाल मात्र स्वतःच्या डोक्याने ठरवावी लागते. डाव संपल्यावर संगणकीय विश्लेषण मागवले की आपण कुठे वाट सोडली ते चालीनिशी दिसते, आणि तीच ओळ स्टडीतल्या त्या प्रकरणात टाकायला दोन टिचक्या पुरतात.